पुण्याच्या जुन्या पेठांची पायी फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडई ते कसबा पेठ हे मेट्रोने एकच स्थानक. तेच अंतर गल्लीबोळांतून, दिंडी दरवाजांशी थांबत, माणसांशी बोलत चालले की अख्खी सकाळ जाते. स्थानिक गाइडबरोबर ही फेरी करायची असेल तर लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

फेरी शनिवारवाड्यापासूनच सुरू करायची ना?

बहुतेकांना तसेच वाटते. आमचा सल्ला उलटा आहे: मंडईत सुरुवात करा आणि कसब्यात संपवा. प्रत्येक जागेची आपापली वेळ असते, आणि क्रम त्या वेळेवरून ठरवावा लागतो. महात्मा फुले मंडई सकाळी 7 ते 9 या वेळात खरी जिवंत असते. नंतर गिऱ्हाइकांची गर्दी वाढते, आणि मान वर करून छताकडे बघत उभे राहिलात तर भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्याचा धक्का बसतो. तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत उलट, सकाळी लवकर गेलात तर बंद दारे दिसतील. हातोडे चालू व्हायला साडेनऊ-दहा वाजतात.

म्हणून क्रम असा: 7 वाजता मंडई, मग तुळशीबाग, तिथून बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा. लक्ष्मी रस्त्याने मागे येत बेलबाग चौक, दगडूशेठ गणपती आणि त्याच्या समोरची भिडेवाड्याची जागा. शिवाजी रस्त्याने उत्तरेला शनिवारवाडा. तिथून मागे वळून लाल महाल, कसबा गणपती, आणि शेवटी तांबट आळी. सगळे मिळून तीन-साडेतीन किलोमीटर. निवांत चाललात तर साडेतीन तास धरा. दोन तासांत सगळे दाखवतो म्हणणारा गाइड तुम्हाला फक्त दर्शनी बाजू दाखवणार हे समजून घ्या.

कोणता महिना, कोणता वार?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा जायचेच असेल तर साडेसहाला सुरुवात करून दहाच्या आत संपवा. पावसाळ्यात वाड्यांचे दगडी उंबरे आणि पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात, पण काळा दगड भिजल्यावर जसा दिसतो तसा एरवी दिसत नाही. पायात चांगली पकड असेल तर जुलैमध्येही या.

वार निवडताना सोमवार टाळा. तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकाने त्या दिवशी बंद असतात. रविवारी वाहने कमी, त्यामुळे इमारती बघायला बरे, पण कारागीर भेटतीलच असे नाही. मंगळवार ते शनिवार हे खरे दिवस. अंगारकी आणि संकष्टीला दगडूशेठच्या आसपासचा रस्ता गर्दीने भरलेला असतो.

गणेशोत्सवाचे दहा दिवस वेगळेच आहेत. तेव्हा मांडव, कमानी आणि बंद रस्ते यांमुळे ही फेरी या क्रमाने जमत नाही. त्या दिवसांत फक्त मानाच्या पाच गणपतींची फेरी करावी: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, याच क्रमाने. तीही सकाळी.

गाइड हवाच का? पाट्या वाचत फिरले तर?

शनिवारवाडा आणि लाल महाल पाटी वाचून कळतील. पेठा कळणार नाहीत, कारण तिथे जे बघायचे ते बहुतेक वेळा पाटीवर नसते.

मंडईचेच घ्या. 1886 साली ही इमारत उभी राहिली तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि तिथून फुटणारे हात अशी तिची रचना. जोतीराव फुले त्याआधी पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि शहरात पाण्याची व शिक्षणाची गरज असताना बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांचा विरोध होता. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. मनोऱ्याखाली उभे राहून हे ऐकताना समोरच्या ओट्यावर भाजीवाली मावशी मेथीच्या जुड्या रचत असते. चांगला गाइड तिथे घाई करत नाही.

किंवा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला. त्याच्या दर्शनी सज्जाचे खांब सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले आहेत: खाली फुगीर, वर निमुळते. वाड्याच्याच बाजूने चाललात तर ते दिसतच नाहीत. समोरच्या फुटपाथवर जावे लागते. 1821 मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा सुरू केली ती याच वाड्यात, आणि पुढे तिचेच डेक्कन कॉलेज झाले. 1879 च्या आगीत पूर्वेकडचा भाग जळाला आणि लोकवर्गणीची मदत घेऊन पुन्हा बांधला गेला. दुरुस्तीची कामे निघाली की वाड्याचा काही भाग बंद ठेवतात. आदल्या दिवशी चौकशी करणे हे गाइडचे काम, तुमचे नाही.

चांगला गाइड कसा ओळखायचा?

ठरवण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा.

एका गटात किती माणसे? पेठांतल्या बोळात 12 पेक्षा जास्त माणसे उभी राहिली की रस्ता अडतो, मागच्यांना ऐकू येत नाही, आणि वाड्यातले रहिवासी वैतागतात. 25 जणांचा गट घेणारा गाइड मोठ्या चौकांतूनच फिरवतो, कारण दुसरा इलाजच नसतो.

परवाना आहे का? केंद्र आणि राज्य पर्यटन खात्यांची गाइडसाठी ओळखपत्रे असतात. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, त्यामुळे आत माहिती सांगण्यासाठी अधिकृत ओळखपत्र असलेलाच माणूस घ्यावा.

मोबदल्यात काय काय येते? शनिवारवाड्याचे तिकीट, चहा-नाश्ता, वाटेतली देणगी हे धरून की सोडून, ते आधी स्पष्ट करून घ्या. शेवटी रस्त्यात उभे राहून हिशेब करायची वेळ दोघांवरही येऊ नये.

चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी: "सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यात कोणी सुरू केला?" एकच नाव ठासून सांगून विषय संपवणारा गाइड नको. भाऊसाहेब रंगारी यांनी 1892 मध्ये बसवलेला गणपती आणि लोकमान्य टिळकांनी पुढच्या वर्षांत उत्सवाला दिलेले व्यापक रूप, दोन्ही बाजू मांडून हा वाद आजही चालू आहे असे जो सांगतो, तो बाकीचा इतिहासही नीट सांगेल.

शनिवारवाड्यात आत बघायला उरलेय काय?

तट, नऊ बुरूज, पाच दरवाजे, जोती आणि कारंजी. महाल नाहीत. 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, पायाभरणी झाली. 22 जानेवारी 1732 रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत. 27 फेब्रुवारी 1828 ला लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली आणि आतला सगळा लाकडी डोलारा गेला. महाल बघायला आलेला माणूस इथून निराश होऊन जातो, याचे कारण एवढेच की कुणी त्याला हे आधी सांगितलेले नसते.

मग काय बघायचे? दिल्ली दरवाजाशी दहा मिनिटे थांबा. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक मारू नये म्हणून, हे सगळेच सांगतात. त्यांची उंची बघा: ते हत्तीच्या कपाळाच्या पातळीवर आहेत, माणसाच्या नाही. मोठ्या दाराच्या एका फळीतली छोटी दिंडी बघा. वाकून, एका वेळी एकानेच आत यायचे. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, वळते, म्हणजे दार फोडून आलेल्याचा वेग तिथेच मोडतो. मग वर नगारखान्यात चढा. तो लाकडी आहे आणि आगीतून वाचला, त्यामुळे आतले महाल कसे असतील याची कल्पना यावी असे एवढेच ठिकाण उरले आहे. तटाच्या भिंतीत खाली दगड आणि वर वीट ही जोडणी उघड दिसते.

उत्तरेचा दिल्ली, त्याखेरीज मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण हे बाकीचे दरवाजे. तटावरून चालत गेलात तर पाचही नीट समजतात. कठडा सगळीकडे पुरेसा उंच नाही, मुलांचा हात सोडू नका.

"काका, मला वाचवा" हे खरे का?

30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी या वाड्यात खून केला. हे घडलेले आहे. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावांचे काका राघोबादादा यांना दोषी धरले, हेही. 'ध' चा 'मा' ही गोष्ट आणि अमावास्येच्या हाका या लोककथा आहेत. गाइडने त्या जरूर सांगाव्यात, पण लोककथा म्हणूनच. साडेतीन तासांतला अर्धा तास भुतावर गेला तर रामशास्त्र्यांना वेळ उरत नाही, आणि आमच्या मते पुण्याने अभिमान बाळगावा असा माणूस या प्रकरणात तोच आहे.

लाल महाल शिवाजी महाराजांच्या काळातला आहे का?

जागा त्या परिसरातली, इमारत नाही. मूळ लाल महाल केव्हाच नष्ट झाला. आत्ताची वास्तू महापालिकेने बांधली, ती 1988 मध्ये पूर्ण झाली. 5 एप्रिल 1663 च्या रात्री शाइस्तेखानावर छापा पडला तो मूळ महालात. शेजारच्या कसबा गणपतीला जिजाऊसाहेबांनी मान दिला, आणि तो ग्रामदैवत झाला. मंदिर बघताना सभामंडपाचे लाकडी खांब बघायला विसरू नका.

भिडेवाड्याची जागा का दाखवता? तिथे तर काही नाही.

म्हणूनच दाखवायची. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. वर्षानुवर्षे मोडकळीला आलेली इमारत न्यायालयीन लढाईनंतर डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आली. दगडूशेठच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो लोकांना समोरच्या बाजूला ही जागा आहे याचा पत्ता नसतो. दोन मिनिटे का होईना, तिथे थांबावे.

ज्यांना हा धागा पुढे न्यायचा आहे त्यांनी वेगळी सकाळ काढून गंज पेठेत फुलेवाडा बघावा. अस्पृश्य मानलेल्यांसाठी जोतीरावांनी 1868 मध्ये खुला केलेला घरचा हौद तिथेच.

जमिनीखालच्या पाण्याबद्दल ऐकले आहे. ते काय?

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी बांधीव दगडी नळातून शहरात आणले. पंप नाही, काही नाही, फक्त उतार. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा कोंडून प्रवाह अडू नये आणि आत उतरून गाळ काढता यावा. पेठांतल्या हौदांत हे पाणी येई आणि लोक तिथून भरून नेत. आज बरेच हौद बुजले, काहींवर टपऱ्या आल्या. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद मात्र जरूर शोधा. सत्यशोधक चळवळीतले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहान मुलीच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सर्व जातींसाठी खुला ठेवला. रस्त्याची उंची इतकी वाढली आहे की गाइडने बोट दाखवल्याशिवाय नजर पडत नाही.

देवळांची नावे अशी का? जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा?

पुण्यात देवाला पत्ता मिळतो तो शेजाऱ्यावरून. पासोड्यांचा बाजार भरे तिथला विठोबा पासोड्या. जिलबीवाल्याशेजारचा मारुती जिलब्या. काही नावांमागे घटना आहे. पानिपतची बातमी ऐकून मूर्ती डोलली म्हणून गणेश पेठेतला डुल्या मारुती, ही आख्यायिका. सदाशिव पेठेतल्या खुन्या मुरलीधराच्या नावामागे मात्र प्रतिष्ठापनेच्या वेळची खरी चकमक आहे. ही सगळी देवळे एका फेरीत बसत नाहीत. वाटेत तीन-चार लागतात तेवढी पुरेत.

त्रिशुंड गणपती याच फेरीत घ्यावा का?

पाय दमलेले नसतील तर. सोमवार पेठेत, नागझरीच्या पलीकडे. तांबट आळीपासून पंधरा-वीस मिनिटे. आमच्या मते शहरातले सर्वांत सुंदर कोरीव काम तिथे आहे. भीमगीरजी गोसावी यांनी 1754 मध्ये बांधायला घेतले, 1770 मध्ये मूर्तीची स्थापना झाली. तीन सोंडांचा गणपती उंदरावर नाही, मोरावर बसला आहे. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याच्या भोवती बंदूकधारी गोरे सैनिक कोरलेले आहेत. आतल्या शिलालेखांत संस्कृतबरोबर फारसीही आहे. तळघरात पाणी असते. ते गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात. सकाळचे तिरके ऊन भिंतीवर असते तेव्हा कोरीव काम उठून दिसते, दुपारी सगळे सपाट वाटते. त्यामुळे खरे तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्यासाठीच जावे.

तांबट आळीत काय बघायचे, आणि विकत घ्यायचे तर काय घ्यावे?

इथले काम म्हणजे मठारकाम. तांब्याचे भांडे आकाराला आले की लोखंडी आधारावर धरून, हातोडीने ठोका-ठोका जवळ मारत सगळ्या अंगावर बारीक खळगे उठवतात. दिसायला ती नक्षी असते, पण त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांडे लवकर पोचत नाही. ठोक्यांच्या रांगा सरळ ठेवणे हे कसब. एक हात भांडे फिरवतो, दुसरा मारतो, आणि दोन्हींची लय चुकली की रांग वाकडी जाते.

हातचे काम ओळखायचे तर भांडे उजेडाकडे तिरके धरा. यंत्राच्या ठशातले खळगे अगदी एकसारखे आणि आतून गुळगुळीत असतात. हाताच्या कामात प्रत्येक ठोका किंचित वेगळा, आणि त्याची खूण आतल्या बाजूलाही जाणवते. किंमत बहुधा वजनावर आणि कामावर ठरते. आधी वजन करायला सांगा.

पाण्याचा तांब्या किंवा कळशी घेणार असाल तर कल्हई लागत नाही. स्वयंपाकाचे भांडे असेल तर आतून कल्हई हवीच. ताक, चिंच, लिंबू, कोकम असे आंबट पदार्थ नुसत्या तांब्यात ठेवू नयेत. काळे पडले तर चिंच किंवा लिंबू-मीठ लावून लगेच धुवा.

काम चालू असताना फोटो काढण्याआधी विचारा. आणि चेहऱ्याच्या जवळ मोबाइल नेऊ नका; हातोडी चालू असताना लक्ष विचलित झाले की बोटावर बसते.

खासगी वाड्यांत आत जाता येते का?

ओळखीने, आणि तेही चौकापर्यंत. तिथे कुटुंबे राहतात. दोरीवर कपडे, ओसरीवर आजी-आजोबा. गाइडने आधी निरोप दिलेला असावा. चपला कुठे काढायच्या ते त्यांनाच विचारा, माजघराकडे कॅमेरा वळवू नका, जिन्यावर परवानगीशिवाय चढू नका. काही जिन्यांच्या फळ्या कुजलेल्या असतात, तेव्हा ही नुसती शिष्टाचाराची बाब नाही. "पुनर्विकासाला दिलाय का हो?" हा प्रश्न विचारू नये. भाडेकरू आणि मालक यांच्यातले दुखणे बहुतेक वाड्यांत असतेच, आणि पाहुण्याने त्यावर बोट ठेवणे बरे दिसत नाही.

ज्येष्ठ मंडळी आणि मुले?

गुडघे दुखणाऱ्यांनी मंडई ते दगडूशेठ एवढाच अर्धा टप्पा करावा आणि मंडईच्या मेट्रो स्थानकावर परत यावे. शनिवारवाड्याच्या तटावरच्या पायऱ्या उंच आहेत, तिथे खालीच बसावे. चाकाची खुर्ची मंडई आणि शनिवारवाड्याच्या पटांगणात चालते. मधल्या बोळांत जुनी फरसबंदी, उघडी गटारे आणि उभ्या दुचाकी यांमुळे अडते. आठ वर्षांखालच्या मुलांना तीन तास झेपत नाहीत. त्यांना तांबट आळी आणि शनिवारवाडा दाखवा, ती खूश.

गाडी कुठे लावायची?

आणूच नका. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो मंडई आणि कसबा पेठ दोन्हीकडे थांबते. एका स्थानकावर उतरायचे, दुसऱ्यावर चढायचे. दुचाकी आणलीच तर रस्त्याच्या कडेचे पी-1, पी-2 फलक वाचा: सम-विषम तारखेनुसार बाजू बदलते, आणि चुकलेली गाडी उचलून नेतात.

पाणी, नाश्ता, शौचालय?

घरून निघतानाच एक लिटर पाणी घ्या. नाश्ता तुळशीबागेत किंवा मंडईजवळ करा, साडेआठच्या सुमाराला. नंतर मिसळीच्या ठिकाणी रांग लागते. स्वच्छ शौचालय मेट्रो स्थानकात मिळते, म्हणून सुरुवातीलाच जाऊन या. मधल्या टप्प्यात भरवसा ठेवण्यासारखे फारसे नाही, आणि महिलांची सर्वांत जास्त अडचण इथेच होते. नाश्त्याचे ठिकाण निवडताना गाइडने हे बघितलेच पाहिजे. खरेदी करायची असेल तर एकच्या आत उरका; जुनी दुकाने अजूनही दुपारी 1 ते 4 बंद असतात.

ऐनवेळी काय बिघडते?

मोर्चा किंवा मिरवणूक निघून शिवाजी रस्ता बंद होतो. अशा वेळी शनिवारवाडा सोडून द्यावा आणि रविवार पेठेकडून कसब्यात शिरावे. पाऊस आला तर मंडई आणि तुळशीबागेतल्या राममंदिराचा सभामंडप हे आडोसे. पैसे आधी भरले असतील तर रद्द केल्यावर किती परत मिळतात, आणि किती तास आधी कळवायचे, हे नोंदणी करतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.